बांधावरची तूर

सरांनी माझी वेणी फूटपट्टीनं वर उचलली. हातानं नाही, फूटपट्टीनं. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मला खिडकीच्या उजेडात वळवलं.

“हे बघा. केस म्हणजे प्रथिन. अंगात प्रथिन कमी पडलं की केस असे तांबूस होतात, विरळ होतात. पुस्तकात याचं चित्र आहे. आपल्याकडे जिवंत नमुना आहे.”

वर्ग हसला. मीही हसले. मग फूटपट्टी दंडावर आली. “इथं मांस का नाही? कारण पेशी बांधायला विटाच नाहीत.” विटा म्हणजे अमिनो आम्लं. जागेवर येऊन मी तेही वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत येईल म्हणून.

शहापूरचं कॉलेज, अकरावी सायन्स, नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झालेली. आमची वाडी खर्डीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. वाडीतून सायन्सला गेलेली मी पहिलीच. मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायचे. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव गेलं आणि ‘प्रथिन’ आलं. “ए प्रथिन, सरक जरा.” पोरींनाही त्यात काही वाटायचं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या तुकडीचा तोच धडा आला की शिपाई दारात यायचा. “सरांनी बोलावलंय.” प्रयोगशाळेच्या कपाटातून सांगाडा काढून नेतात तशी मी जायचे. उभी राहायचे, वळायचे, परत यायचे. का जात होते? जर्नलवर सरांची सही लागायची. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की वसतिगृह गेलं, आणि मग मी वाडीत, आईच्या बरोबर चिखलात. हे सरांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

तो धडा इंग्रजीत होता. एकेक शब्द अडत, डिक्शनरी काढत मी तो स्वतः वाचला. सरांनी सांगितलं नव्हतं ते त्यात होतं. काही अमिनो आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ती खाण्यातूनच यावी लागतात. तांदळात प्रथिन थोडं, डाळीत भरपूर. आणि खायला मिळालं नाही की शरीर स्वतःचंच मांस मोडून दिवस काढतं. हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. आईचे दंड आठवले. वाटलं, हा धडा आमच्याच घरावर लिहिलाय.

आता सर कोण ते सांगायला हवं. खर्डीजवळच्या एका जुन्या शेतकरी घरातले. जमीन बरीच. त्यांच्या शेतात लावणी, कापणी, झोडणी सगळं आमच्या वाडीतल्या बाया करायच्या. माझी आईसुद्धा, आणि सुट्टीत घरी गेले की मीही. भात निघालं की बांधावरची तूर आणि मागाहून पेरलेले वाल. ते काढायचे, झोडायचे, पाखडायचे, टोपल्या डोक्यावर घेऊन त्यांच्या माळ्यावर चढवायच्या. मजुरी मिळायची तांदळाच्या कण्यांत. काम तुरीचं असो की वालाचं, पदरात कण्याच. तूर-वाल मजुरीत द्यायची रीत नाही, असं त्यांच्या घरची बाई म्हणायची. आम्ही त्या कण्यांची पेज करायचो. दुपारी त्यांच्या पडवीत बसलो की आतून वरणाच्या फोडणीचा वास यायचा. मला तो वास अजून सोसत नाही.

माघ संपत आला होता. अन्नघटकांचं प्रॅक्टिकल होतं. सरांनी घरून दोन पुड्या आणल्या होत्या. एकीत तांदूळ. त्याच्या पेजेत आयोडीन टाकलं, काळंनिळं झालं. पिष्टमय पदार्थ. दुसरीत तुरीची डाळ. ती वाटून गाळून पाणी परीक्षानळीत घेतलं, कॉस्टिक सोडा टाकला, मोरचुदाच्या पाण्याचे थेंब सोडले. जांभळा रंग चढला.

“प्रथिन,” सर म्हणाले. “आमच्या बांधावरची तूर आहे. बाजारची नाही.” मग माझ्याकडे बघून हसले. “ये पुढं. ही नळी धर हातात. बघा, एकीकडे प्रथिन असलेलं, एकीकडे नसलेलं. या लोकांना डाळ खायची अक्कल नसते, म्हणून अशी पोरं होतात.”

माझे पाय निघाले होते. सवयीनं. बाकाच्या टोकाशी येऊन मी थांबले.

“ही तूर माज्या आईनं झोडली, सर. मी पाखडली. आमाला कण्या दिल्या तुमी.”

कुणी हसलं नाही.

“काय म्हणालीस?”

“डाळ खायची अक्कल हाय आमाला. डाळ तुमच्या माळ्यावर हाय.”

मी जागेवर येऊन बसले. सरांनी नळी ओतून टाकली आणि तास संपवला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. सगळ्या वर्गासमोर माफी मागायची, मगच जर्नलवर सही. आईला निरोप गेला. ती आली, अनवाणी, शेतातून तशीच. व्हरांड्यात माझा हात धरून म्हणाली, “माग गो माफी. त्यांच्या शेतावर पोट हाय आपलं. एक शबुद बोल नि मोकळी हो.”

“काय चूक झाली माजी, आये?”

तिनं माझा हात सोडला.

वर्ग भरला. आई दाराबाहेर उभी. सर टेबलाला टेकून उभे राहिले. “बोल.”

मी माझ्या बाकापाशीच उभी राहिले. पुढं गेले नाही.

“मी खरं बोलले, सर. माफी मागायची नाय. आणि यापुढं तुमी बोलावलं तरी नमुना म्हणून पुढं येनार नाय. शिकवायचं असेल तर मी हितं बसून शिकेन.”

आणि बसले.

सही झाली नाही. वर्ष गेलं. वसतिगृहाची खोली सोडावी लागली. त्या पावसाळ्यात आईला त्या घरचं लावणीचं बोलावणं आलं नाही. ती लाकडाच्या मोळ्या घेऊन खर्डीच्या बाजाराला जायला लागली. कित्येक दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं मला समजत होतं, पण मी नमले नाही. पुढच्या वर्षी मुरबाडला नाव घातलं आणि पुन्हा पहिल्यापासून अकरावी केली.

लोक अजून म्हणतात, दोन शब्दांचा तर प्रश्न होता, वर्ष वाचलं असतं. नसतं वाचलं. सरांची सही घेऊन मी जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या वर्गात उभी राहिले असते, वळत. आज माझी मुलगी शाळेत जाते. तिला मी एकच सांगून ठेवलंय. तुझं अंग दाखवून कुणी तुझी भूक शिकवायला लागला तर उठायचं नाही. बसल्या जागेवरून त्याला विचारायचं, आमच्या वाटचं कुणी खाल्लं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं. वर्ष जाईल. जाऊ दे.