बिनवासाची हवा

किस्से कोणी जमवायला जात नाही. एका भट्टीवर वीस वर्षं काढली की ते आपोआप साचतात, अंगावर धूळ साचते तसे. नातू विचारतो, "आबा, तुम्ही भिलाईत काय केलं?" मी लोखंडाचं सांगायला तोंड उघडतो आणि निघतं फर्स्ट एडच्या ट्रेनिंगचं! लोखंड काय, हजारो लोकांनी बनवलं. पण ऑक्सिजनचा एक सिलिंडर पाहून आमच्या गँगनं जेवढ्या शंका काढल्या, तेवढ्या कारखान्यात कोणीच काढल्या नसतील.

आमची गँग ब्लास्ट फर्नेसच्या गॅस पाइपांवर होती. भट्टीतून निघणारा गॅस मोठाल्या पाइपांतून पुढे जायचा, त्या पाइपांची आणि व्हॉल्व्हची देखभाल आमच्याकडे. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड. चार श्वास घेतले की माणूस आडवा, आणि आडवा होईपर्यंत त्याला पत्ताही नसतो. म्हणून प्रत्येक गँगमधून चौघांना फर्स्ट एडर करायचं ठरलं. श्वास बंद पडलेल्या माणसाचा श्वास परत कसा आणायचा आणि त्याला ऑक्सिजन कसा द्यायचा, हे शिकवणार होते. बोर्डावर लिस्ट लागली.

आमची चार नावं. टेकरामभाऊ, मेश्राम, बिसाहू आणि मी, गुलाब.

टेकरामभाऊ आमच्यात वयानं मोठा, भंडाऱ्याकडचा, माझ्यासारखाच शेतकऱ्याघरचा. जगात त्याचा विश्वास दोनच गोष्टींवर, स्वतःचा पितळी लोटा आणि स्वतःचं नाक. त्यानं लिस्ट दोनदा वाचली आणि म्हणाला, "चांगलं काई असतं, तं इथं साहेबाच्या भाच्याचं नाव असतं!"

झालं. ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीच आमचा त्यावरचा भरवसा उडाला.

*

मेश्रामची शंका वेगळी होती. तो नागपूरचा, बौद्ध, मॅट्रिक झालेला, रोज पेपर वाचणारा. दाढ किडली होती म्हणून गालात कायम लवंग. ती ठेवायला खिशात एक छोटी पत्र्याची डबी.

पहिल्याच दिवशी तो डॉक्टरसाहेबांपुढे उभा राहिला. डॉक्टर बंगाली, हिंदीत बोलायचे, पण आमची मराठी त्यांना समजायची.

"साहेब, एक इचारतो. हे काम मलेच कावून? मेलेलं उचलाचं असलं की लोकाइले आमचीच आठवन येते, म्हनून का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मेश्राम, यहाँ मरे हुए का काम ही नहीं है. जो मरा नहीं, वो तुम्हारा. जो मर गया, वो मेरा."

मेश्राम पहिल्या बाकावर जाऊन बसला आणि वही उघडली. शेवटपर्यंत आमच्यात नोट्स काढणारा तो एकटाच.

*

आता सिलिंडर. काळा, पुरुषभर उंचीचा, डोक्यावर व्हॉल्व्ह, त्याला रबरी नळी आणि मास्क. त्याला हात लावायला कोणी तयार नाही! कारण बिसाहूचा काका. बिसाहू भिलाईजवळच्या उतईचा, छत्तीसगढी, रोज सायकलनं यायचा. त्याच्या काकाला शेवटच्या दिवशी ऑक्सिजन लावला होता आणि काका गेला. बिसाहूनं हे अख्ख्या गँगला सांगितलं होतं. ऑक्सिजन लागला की माणूस जातो, असा हिशेब पक्का झाला. नेमकं बिसाहूलाच पेशंट म्हणून झोपवलं, तर तो मास्क तोंडावर असतानाच उठून पळाला आणि नळी ताणून परत खाली पडला.

शेवटी डॉक्टरांनी स्वतः मास्क लावला आणि पाच मिनिटं आमच्यासमोर खुर्चीवर बसून राहिले. टेकरामभाऊ उठला, जवळ गेला, वाकून त्यांच्या छातीकडे पाहिलं.

"पाहून राहिलो," तो आमच्याकडे वळून म्हणाला, "श्वास घेऊन राहिले का निस्ता रोखून बसले!"

डॉक्टर मास्कच्या आत हसले. तेव्हा कुठे टेकरामभाऊला पटलं की माणूस जिवंत आहे. ऑक्सिजन चांगला असतो, हे मात्र पटलं नाही.

*

त्याच दिवशी वासाचा प्रश्न निघाला. टेकरामभाऊनं मास्क नाकाशी धरला, दोनदा हुंगला आणि बाजूला ठेवला.

"याले वासच नाही. कशावरून याच्यात काई भरलं हाय?"

"ऑक्सिजन को बास नहीं होती."

"मी ज्याचा वास येते, त्याच्यावरच भरवसा ठेवतो, साहेब. हा गुलाब आला की दहा पावलं आधी बिडीचा वास येते. मेश्राम आला की लवंगेचा. समजते मानूस कोनता हाय. हे काय? ना वास, ना रंग!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "टेकराम, जो गैस मारता है उसमें भी बास नहीं. जो बचाता है उसमें भी नहीं."

"मंग तुमाले कसं समजते, कोनता कोनता हाय?"

आम्ही टाळ्या वाजवल्या!

*

शिकवलेलं घरी करून पाहा, असं डॉक्टर सांगायचे. तेव्हा पद्धत जुनी होती. माणसाला पालथं झोपवायचं, डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, पाठ दाबायची आणि कोपरांना धरून हात वर ओढायचे. मी क्वार्टरच्या अंगणात माझ्या साळ्याला पालथं घातलं. साळा चांगला थोराड, तरी मी दाबतो, तो कण्हतो, मी ओढतो, तो ओरडतो.

सासूबाई तुमसरहून आल्या होत्या. आदल्याच दिवशी त्यांनी शेजारणीला सांगितलं होतं की जवाई फार घोरतात. त्या धावत बाहेर आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"जवाईबापू, घोरता असं म्या म्हटलं होतं, ह्यानं नाही! राग माह्यावर काढा, त्याले सोडा!"

ओळीतल्या सगळ्या क्वार्टरांतून बाया बाहेर. माझी बायको तर दोन दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तर टेकरामभाऊ गंभीरपणे म्हणाला, "मी सांगतच होतो. ह्या ट्रेनिंगचा हेतू काई वेगळाच हाय."

*

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तर कहर झाला. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांना हार, कुंकू, नारळ. बिसाहूला वाटलं, सिलिंडरच एकटा का राहावा? इतक्या महिन्यांनी त्याची भीती थोडी गेली होती. त्यानं श्रद्धेनं तेलात शेंदूर कालवला आणि थेट व्हॉल्व्हवर थापला, चांगला जाड!

डॉक्टर प्रसाद घ्यायला आले, सिलिंडर पाहिला आणि पांढरे पडले.

"हाथ मत लगाना! कोई हाथ मत लगाना! ऑक्सीजन में तेल आग पकड़ता है!"

सगळे भिंतीला चिकटले. बिसाहू हात जोडून कळवळून म्हणाला, "साहेब, देवता मन ला तेल चलथे, एला काबर नइ चलय?" देवांना तेल चालतं, मग यालाच का नाही? तो सिलिंडर त्यांनी बाजूला काढून परत पाठवला.

टेकरामभाऊ मात्र खूश! "पहिल्या दिवसापासून मी काय म्हणून राहिलो? हे दवा नोय, बॉम्ब होय बॉम्ब!"

*

मग नवी पद्धत आली. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं, पाठ दाबण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. डोकं मागे, नाक चिमटीत, आणि आपला श्वास त्याच्या तोंडात.

वर्गात कोणी कोणाकडे पाहीना.

इथे एक सांगायला हवं. डब्याच्या वेळी टेकरामभाऊ आमच्यापासून चार हात दूर, पाठ करून बसायचा. पाणी स्वतःच्या लोट्यातलंच. दुसऱ्याचा हात त्या लोट्याला लागलेला त्याला चालायचा नाही, आणि मेश्रामचा तर नाहीच. का, ते सगळ्यांना माहीत होतं. मेश्रामलाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी टेकरामभाऊनं डॉक्टरांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. मी पडलो तर माझ्या तोंडाला तोंड कोणी लावायचं, त्याची यादी! नावं दोन. एक त्याच्या गावच्या फिटरचं आणि एक माझं. खाली अंगठा नाही, चांगली सही केलेली.

डॉक्टरांनी ती मोठ्यानं वाचली. मेश्राम पहिल्या बाकावर बसून ऐकत होता.

"और उस दिन ये दोनों नहीं मिले तो?"

"तं मी त्या दिवशी पडत नाही," टेकरामभाऊ म्हणाला.

*

पण तो पडला.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. पाइपची झडप खोलायची होती. गॅस सुटतो म्हणून दोर बांधून जागा बंद केलेली, लाल पाटी लावलेली, सगळे बाहेर. आणि टेकरामभाऊच्या लक्षात आलं की लोटा आत राहिला, शिडीजवळ. कोणीतरी उचलेल, कोणाचातरी हात लागेल! तो दोराखालून आत गेला. लोटा उचललाही. चार पावलं परत आला आणि पडला. लोटा खणखणत आमच्या पायाशी आला.

बिसाहू अँब्युलन्स बोलवायला धावला. मी आणि मेश्रामनं गॅसपासून बचावाचे मास्क चढवले, त्याला ओढून मोकळ्यावर आणलं आणि मास्क उतरवले. छाती हलत नव्हती.

"तू सिलिंडर आन!" मेश्राम ओरडला. मी पळालो. सिलिंडर ठेवायची खोपी पन्नास-साठ पावलांवर. ढकलगाडीवर सिलिंडर चढवून परत येतो तर मेश्राम गुडघ्यांवर वाकलेला, टेकरामभाऊचं नाक चिमटीत.

काय माणूस होतो मी! माझ्या तोंडून निघालं, "मेश्राम, ती यादी..."

त्यानं मान वर केली, श्वास भरून घेतला.

"यादीतला हजर होईपावतर हा राहन का?"

आणि परत वाकला. व्हॉल्व्हची चावी माझ्या हातून दोनदा पडली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. टेकरामभाऊ खोकला. तो खोकला ऐकून मी रडलो, खोटं कशाला सांगू! मास्क मी लावला. अँब्युलन्स आली.

आम्ही तिघांनी तिथेच ठरवलं, तोंड कोणी लावलं ते टेकरामभाऊला सांगायचं नाही. म्हणजे मी ठरवलं, बिसाहूनं मान हलवली. मेश्रामनं डबी काढली, नवी लवंग गालात ठेवली आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. टेकरामभाऊच्या नाकावर मास्क होता. मला पाहून त्यानं तो बाजूला सारला.

"गुलाब, मी मेलो का?"

"नाही, भाऊ."

"मंग हे नळी कावून?"

"म्हणूनच नाही मेले!"

त्यानं हळूच विचारलं, "तोंड कोनं लावलं?"

"मी," मी म्हणालो. "यादीपरमानं."

"सकाळपासून तू किती बिड्या पेला होता?"

"आठ-दहा पेलो असन. कावून?"

त्यानं जिभेनं ओठ चाटले, मास्क स्वतःच्या हातानं नाकावर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दहा-बारा दिवसांनी तो कामावर आला. डब्याची वेळ झाली. बिसाहूनं लोटा हात न लावता, लांबून काठीनं सरकवून, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला होता. टेकरामभाऊ तिथे बसला, पाठ करून. डबा उघडला नाही. थोड्या वेळानं उठला, लोटा तिथेच सोडला आणि मेश्रामसमोर येऊन उभा राहिला. हात पुढे केला.

"मेश्राम, एक लवंग दे."

मेश्रामनं घास खाली ठेवला, डबी काढली आणि उघडून पुढे धरली.

"दाढ दुखते का, भाऊ?"

"नाही," टेकरामभाऊ म्हणाला. एक लवंग उचलून त्यानं तोंडात टाकली आणि तिथेच खाली बसला.