मेलबॉक्स भरलाय, अण्णा

मेलबॉक्स भरला की नवा मेल परत जातो. किश्श्यांचं तसं नाही, ते साचत राहतात. माझ्याकडचे बहुतेक अण्णांच्या ऑफिसातले, मी तिथे नोकरीला होतो तेव्हाचे. अण्णा नाशिकहून द्राक्षं परदेशी पाठवायचे. ईमेल नवा होता तेव्हा अख्ख्या ऑफिसला मिळून एकच फुकट खातं, आणि त्यात जागा पानटपरीएवढी. पण मेल फुकट मिळाला म्हटल्यावर अण्णांनी त्याच आठवड्यात फॅक्स मशीन विकून टाकलं!

मेलबॉक्स रिकामा ठेवायचं काम आधी जोशीकाकांकडे आलं. काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. त्यांनी कचेरीच्या रिवाजाप्रमाणे अ, ब, क, ड असे चार फोल्डर केले. 'अ' म्हणजे कायम जपायचं, 'ड' म्हणजे वर्षाने नष्ट करायचं. आठवडाभर खपून त्यांनी सगळे मेल लावले. सगळे 'अ'मध्ये.

"काका, जागा अजून तेवढीच भरलीय," मी म्हटलं.

"पण आता व्यवस्थित भरलीय," काका म्हणाले.

अण्णांनी झापल्यावर काका डिलीट करायला तयार झाले, पण रीतसर. ज्याचा मेल पुसायचा त्याला आधी नोटीस गेली: "आपला संदर्भीय मेल नष्ट करण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास कळवावे." लोक सभ्य. हरकत नसलेल्यांनीही कळवलं, काहींनी तर मूळ मेल सोबत जोडून. संध्याकाळपर्यंत बॉक्स गच्च!

मग ते काम भामरेकडे गेलं. भामरे देवळ्याचा, आमची माल खरेदी बघायचा, आणि जिल्हाभर त्याचे पाहुणे. तो एकेका नावापाशी अडून बसायचा.

"हा कळवणचा ट्रान्सपोर्टवाला आमचा दाजी हाय. मेल खोडला तर त्याला कळतं का?"

"नाही कळत."

"मला तर कळतं ना. लग्नात तोंड कसं दाखवू?"

ज्यांनी त्याला कधी लग्नाला बोलावलं नव्हतं, त्यांचे मेल मात्र मिनिटात उडाले. बँकेचे सगळे त्यातच गेले.

उडवलेले मेल ट्रॅशमध्ये पडून तिथेही जागा खातात, हे मला उशिरा कळलं. मी ट्रॅश रिकामा करायला निघालो, तर काका आडवे आले. "आणि पंचनामा कोण करणार?"

पण सगळ्यात जास्त जागा खायचा तो अण्णांचा नातू. मुलगा अमेरिकेत, तो आठवड्याला बाळाचे फोटो पाठवायचा. झोपलेला, रांगणारा, रडणारा, पुन्हा झोपलेला. त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

एका सीझनला आमचा कंटेनर बंदरात उभा होता. हॉलंडच्या गिऱ्हाइकाची लेखी ऑर्डर आल्याशिवाय माल जहाजावर चढणार नव्हता. त्याचा फोन आला: "मेल दोनदा पाठवला, दोनदा परत आला. दुपारपर्यंत पोचला नाही तर मी दुसऱ्याकडून घेतो."

अण्णा स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. एकेक फोटो उघडायचे, चष्मा पुसायचे, फोटो तसाच ठेवायचे. "हा राहू दे. यात हसतोय."

"अण्णा," भामरे हळूच म्हणाला, "बागायतदारांची वर्षाची मेहनत हाय त्या डब्यात."

अण्णांनी सगळे फोटो निवडले आणि डोळे मिटून डिलीट दाबलं. मग ट्रॅशही रिकामा केला. काकांनी पंचनाम्याचं नाव काढलं नाही. एरवी आम्ही अण्णांना हसायचो, पण खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला भरून आलं. अण्णा उठून खिडकीपाशी गेले आणि मी खुर्चीत बसलो.

थोड्या वेळात एक मेल आला, आणि लगेच वर लाल अक्षरं उमटली: जागा संपली.

"हॉलंडचा?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा, अमेरिकेचा." मी वाचून दाखवलं. "बाबा, पहिल्या दाताचे फोटो पाठवले होते ते परत आले. म्हणून आता जुने-नवे सगळे एकदम पाठवतोय."

भामरेने कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजायला लागला. हॉलंडचाच असणार. काका उचलायला धावले.

"राहू दे तो फोन," अण्णा माझ्या खुर्चीपाशी येत म्हणाले. "तू सरक जरा. दात बघू दे."