हरकत नसलेले वकील

कोर्टाच्या आवारात त्यांना सगळे ‘हरकतनाही’ म्हणतात. तोंडावर वकीलसाहेब, पाठ वळली की हरकतनाही. समोरच्या वकिलाने मुदत मागितली आणि यांनी विरोध केला, असं त्या इमारतीत कोणी पाहिलेलं नव्हतं. स्टेनोबाई तर त्यांनी तोंड उघडायच्या आतच ‘दुसऱ्या बाजूची हरकत नाही’ असं टाइप करून मोकळ्या व्हायच्या.

स्वभावही तसाच. मेहुण्याने दोन दिवसांसाठी स्कूटर मागितली, तेव्हाही ते हेच म्हणाले होते. स्कूटर अजून मेहुण्याकडेच आहे आणि पंक्चर झाली की फोन यांना येतो. पण ही सवय मुळात धंद्याने लावलेली. ते मोफत कायदेशीर मदतीच्या यादीवरचे वकील. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची प्रकरणं यांच्याकडे यायची आणि कागद हातात पडायचे ते सुनावणीच्या दिवशी सकाळी. न वाचलेल्या प्रकरणात माणूस बोलणार काय? ते उठून मुदत मागत. समोरचा वकील ‘हरकत नाही’ म्हणे आणि यांची अब्रू वाचे. मग समोरच्याची अडचण झाली की हे त्याची परतफेड करत. वकिलांचं छान चाललं होतं. पक्षकार मागच्या बाकावर बसून पुढची तारीख पाठ करत.

मग सुधारणा आल्या. समिती नेमली गेली, तिने जाडजूड अहवाल दिला, आणि त्यातल्या बहुतेक शिफारशी अहवालातच सुखाने नांदल्या. दोनच अमलात आल्या. एक, कागद आठवडाभर आधी मिळू लागले. दुसरी, मदत घेणाऱ्या पक्षकाराने मागे नव्हे, वकिलाच्या शेजारी खुर्चीवर बसायचं. ही दुसरी अमलात आली, कारण खुर्च्या आधीच येऊन पडल्या होत्या.

त्या खुर्चीवर टेलरबाई येऊन बसल्या.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. तीन शिलाई मशिनं, एक इंटरलॉक, कटिंगचं टेबल, आणि त्या दिवसांत छतापर्यंत शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. त्यांच्यासोबत नणंद आणि शेजारची एक बाई काम करायच्या. घरमालकाला ती खोली मोबाइलच्या दुकानासाठी हवी होती. ताबा घेण्यावर कोर्टाने तात्पुरती स्थगिती दिली होती. ती सुनावणीच्याच दिवशी संध्याकाळी संपत होती.

सकाळी साडेदहाला व्हरांड्यात घरमालकाचे वकील आले. हरकतनाहींचे ते वर्गमित्र, अजून एकाच टेबलावर डबा खाणारे.

“अरे, अंगात कणकण आहे,” मित्र म्हणाले. “आज मुदत घेतो. तुझं नेहमीचं, काय?”

हरकतनाहींनी तोंड उघडलं. शेजारी टेलरबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं.

“बघू,” ते म्हणाले.

“बघू काय बघू,” मित्र हसले आणि खांद्यावर थाप मारून कँटीनकडे गेले.

टेलरबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. “ताप आहे त्यांना?”

“नसेल.”

“मग?”

“तसं म्हणायची पद्धत आहे.”

“मुदत मिळाली त्यांना, तर माझं काय?”

“पुढची तारीख पडेल. पण स्थगिती आजच संपते.”

“म्हणजे उद्या कुलूप.”

वकीलसाहेबांनी मान हलवली.

“आणि तुम्ही म्हणणार, हरकत नाही.”

“नाही नाही. आज नाही म्हणणार.”

“काय नाही म्हणणार?”

“हरकत नाही असं, नाही म्हणणार.”

“अहो, सरळ बोला. माझी नणंद तिकडे काजं करत बसलीय. मी तिला सांगितलंय, काम चालू ठेव. तिला काय कळवू?”

“मी विरोध करीन.”

“म्हणून दाखवा.”

“इथे?”

“मग कुठे? आत जाऊन पहिल्यांदा म्हणणार का?”

वकीलसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. “हरकत आहे,” ते म्हणाले.

“मी शेजारी उभी आहे आणि मला ऐकू आलं नाही.”

त्यांनी आणखी दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी जाणारा शिपाई थांबून बघायला लागला, तेव्हा सराव आटोपता घ्यावा लागला.

तयारी नव्हती असं नाही. कागद आठवडाभर आधी मिळाले होते आणि त्यांनी ते वाचले होते, खुणा केल्या होत्या. घरी जेवताना बायकोला प्रकरण समजावूनही सांगितलं होतं. बायको म्हणाली होती, “मुद्दा बिनतोड आहे. तुम्ही तो मांडाल का, एवढंच बघायचं.” अडचण मुद्द्याची नव्हतीच. या मित्राशी, आणि त्याच्यासारख्या आणखी कितीतरी जणांशी, याच इमारतीत अजून पुष्कळ वर्षं काढायची होती. विरोध करणाऱ्याच्या अडचणीला मग कोणी धावून येत नाही. हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येक वकिलाला माहीत होतं.

दुपारी पुकारा झाला. न्यायाधीश समोरच्या फायलीतून मान वर न काढता म्हणाले, “बोला.”

मित्र उठले. आवाज बारीक करून म्हणाले, “साहेब, प्रकृती ठीक नाही. बोलता येईल असं वाटत नाही. आज मुदत मिळावी.” त्यांनी एकदा खोकूनही दाखवलं. कणकणीत खोकला नव्हता, पण सकाळपासून आजार वाढला असावा.

“मोफत मदतवाले?” न्यायाधीशांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेन उचललं. स्टेनोबाईंची बोटं चालू झाली होती.

वकीलसाहेब उठले. “हरकत,” ते म्हणाले आणि थांबले.

त्यांना समोर मित्राचा चेहरा दिसत होता. मित्र त्यांच्याकडे बघतही नव्हते, फायलीची दोरी बांधत होते. न्यायाधीश लिहीत होते. पंखा फिरत होता. ‘हरकत’नंतर पुढचा शब्द कोणता येणार याबद्दल त्या खोलीत एकाच माणसाला शंका होती, आणि ते माणूस खुर्चीवर बसलेलं होतं.

टेलरबाईंनी त्यांच्या गाऊनची बाही धरली आणि खाली ओढली. त्यांना फक्त आठवण करून द्यायची होती. पण गाऊन जुना, शिलाई विरलेली. खांद्यापासून हातभर उसवला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

न्यायाधीशांनी मान वर केली. “काय झालं?”

“आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

“काय आहे?”

“हरकत, साहेब. हरकत आहे.”

टाइपिंग थांबलं. मित्राच्या हातातली दोरी अर्धीच बांधलेली राहिली. न्यायाधीशांनी चष्मा काढून वकीलसाहेबांना नीट पाहून घेतलं.

“तुमची?”

“होय साहेब. स्थगिती आज संपते. मुदत दिली तर उद्या ताबा जाईल, आणि मग पुढच्या तारखेला युक्तिवाद करायला काही उरणार नाही. मी आत्ता बोलायला तयार आहे. मुदतच द्यायची असेल तर स्थगिती पुढच्या तारखेपर्यंत वाढवावी.” बाही लोंबत होती. आवाज मात्र मागपर्यंत पोचला.

न्यायाधीश मित्राकडे वळले. “बोला मग. आत्ता युक्तिवाद करता?”

मित्राकडे मुद्दे होते, फाइल होती, आवाजही होता. पण ‘बोलता येणार नाही’ असं त्यांनी नुकतंच भर कोर्टात सांगितलं होतं. त्यांनी एकदा दाराशी बसलेल्या घरमालकाकडे पाहिलं.

“स्थगिती वाढवायला,” ते म्हणाले, “माझी हरकत नाही.”

स्टेनोबाई बराच वेळ एकच बटण दाबत होत्या. आधी टाइप केलेलं सगळं खोडायचं होतं.

व्हरांड्यात आल्यावर टेलरबाईंनी नणंदेला फोन लावला. “काम चालू ठेव,” एवढंच म्हणाल्या. मग पर्समधून सुई आणि काळा दोरा काढला. “काढा गाऊन.”

“राहू दे हो. पुढच्या आठवड्यात दुकानात आणतो.”

“मी तारीख देत नाही. काढा.”

त्यांनी काढला. टेलरबाई खिडकीच्या कट्ट्यावर बसून टाके घालू लागल्या. तेवढ्यात आतून वकीलसाहेबांच्या दुसऱ्या प्रकरणाचा पुकारा झाला. गाऊनशिवाय कोर्टापुढे उभं राहता येत नाही. आत जाऊन थोडा वेळ मागायला कोणीतरी हवं होतं. व्हरांड्यात दुसरे वकील एकच होते. ते खांबाला टेकून थंड सोडा पीत होते.

“अरे,” वकीलसाहेब म्हणाले, “जरा आत जाऊन माझ्यासाठी पाच मिनिटं मागतोस?”

मित्रांनी बाटली तोंडाची काढली. सुई चालत होती, बाही अजून अर्धी उसवलेलीच होती.

“बघू,” ते म्हणाले.