लोर्ना आधी स्टॅबिलायझर काढते

व्हर्नल गावात कुणी पिकअप ट्रकला सदतीस इंची अवाढव्य टायर चढवले की आठवड्याभरात तो लोर्ना टटलच्या गॅरेजात हजर होतो. तीस वर्षं तेलविहिरींवर अवजड ट्रक चालवून तिनं हे गॅरेज टाकलंय. मीही गेलो, कारण ताशी पन्नास मैलांच्या वेगात रस्त्यात सांधा लागला की माझं स्टिअरिंग थयथयाट करायचं.

"स्टिअरिंगचे हादरे खाणारा दणकट स्टॅबिलायझर दे," मी म्हणालो. "जोडीच दे. लाल."

"लिपस्टिक घ्यायला आलायस का?" म्हणत ती ट्रकखाली शिरली आणि होता तो स्टॅबिलायझरही काढून तिनं मागे फेकला. "चल, बस."

"त्याच्याशिवाय?"

"तो असला की ट्रक खोटं बोलतो."

पुलाच्या सांध्यावर चाकं अशी नाचली की माझी कॉफी छताला लागली. लोर्ना मात्र खुशीत हसत होती.

परत येऊन तिनं मला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला लावलं आणि खालून विचारलं, "ॲक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्याचा हा बोल्ट कुणी बसवला?"

"मीच. टायर चढवताना."

"बोटानंच आवळलास वाटतं."

तिनं पान्यानं बोल्ट आवळला. पुन्हा तोच पूल, तोच वेग, आणि स्टिअरिंग ढिम्म हललं नाही. मी आनंदानं डॅशबोर्ड बडवला.

"आता कुठला स्टॅबिलायझर घेऊ?"

"तुझा जुनाच लाव."

निघताना मी तिच्या चाळीस इंची टायरांच्या ट्रकखाली वाकून पाहिलं. तिथं स्टॅबिलायझर नव्हताच.