पासवर्डांची वही

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, मी अठरा वर्षं ऑफिस सांभाळते आहे. आमच्याकडं एक रीत पडून गेली होती. पासवर्ड कुणाचाही असो, तो माझ्या वहीत लिहायचा. लोक विसरायचे आणि माझ्या टेबलाशी यायचे, "काकू, माझा काय होता हो?" मी वही न उघडता सांगायची. डिस्पॅच बघणाऱ्या मामांचा पासवर्ड म्हणजे सासर सोडून घरी आलेल्या त्यांच्या लेकीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. ते रोज सकाळी काय टाइप करतात हे ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

मग मालकांनी कॉम्प्युटरचं काम बघायला करकंबची एक मुलगी नेमली. माझ्या लेकीपेक्षाही लहान. पहिल्याच आठवड्यात तिनं माझी वही चाळली आणि म्हणाली, "काकू, ह्यात तर सगळ्या कंपनीच्या किल्ल्या हायत की. ही फाडायला पायजे." आवाज गोड होता, म्हणून जास्त झोंबलं. वही मीच फाडली, तिच्यादेखत, जरा जोरातच.

त्यानंतर तिनं सगळ्यांना सवयी लावायला घेतल्या. पासवर्ड ज्याचा त्यानं ठेवायचा. जागेवरून उठताना स्क्रीन बंद करायची. मेल आला की पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघायचा. "आन् शंका आली की मला इचारा. कितीबी येडा प्रश्न आसू दे, मी हसणार न्हाय." आणि लोक ऐकायला लागले. चहाचा ग्लास उचलून ठेवा म्हणून ज्या मामांना मी वर्षानुवर्षं सांगत होते, ते आता पाणी प्यायला जातानाही स्क्रीन बंद करून जायचे. माझ्या टेबलासमोरची खुर्ची कुणीतरी तिच्या टेबलाशी नेली, ती परत आली नाही. मी जळत होते. तिचं काहीतरी चुकावं, चारचौघांत चुकावं, असं मला मनापासून वाटायचं.

एका दुपारी मालकांच्या नावानं मेल आला. 'बाहेर आहे, फोन करू नका. तुमच्यावर भरवसा आहे म्हणून तुम्हालाच सांगतो. तुमचा पासवर्ड लगेच पाठवा.' मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिला नाही, मला विचारलं होतं. पत्ता मी बघितलाच नाही. बघायला तिनं शिकवलं होतं, म्हणूनच बघितला नाही. पासवर्ड पाठवून दिला.

थोड्या वेळानं ती हळूच माझ्याजवळ आली. "काकू, त्यो मेल मीच सगळ्यास्नी पाठवला होता, परीक्षा म्हणून. बाकीचे समदे मला इचारायला आले." मग खाली बघत म्हणाली, "मी नाव घेणार न्हाय. तुमी फकस्त पासवर्ड बदला."

शनिवारच्या मीटिंगमध्ये तिनं खरंच नाव घेतलं नाही. एकाचा पासवर्ड गेला, एवढंच म्हणाली. सगळ्यांच्या नजरा मामांकडं वळल्या. माझ्याकडं एकानंही बघितलं नाही. मामा बिचारे गोंधळले. "मी इचारलं हुतं खरं, तरीबी माझाच गेला आसंल," ते म्हणाले. "मला कुटं काय कळतंय त्यातलं."

मालक त्यांना काही बोलणार, तेवढ्यात मी उठले. "त्यांचा नाही," मी म्हणाले, "माझा गेला. मी पाठवला." मालकांनी हातातला कप खाली ठेवला.

कुणी काही बोलायच्या आत तीच बोलली. "काकूंनी सांगितलं हे लई चांगलं झालं. चुकलं तर लपवायचं न्हाय, असंच उठून सांगायचं. आजपासनं ही पण सवय लावून घ्यायची." अठरा वर्षांत मी एवढा धीर पहिल्यांदाच केला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, तिच्याकडं बघून.