गोळ्यांची पंगत

आमचे आप्पा गावजेवणातले नावाजलेले वाढपी. खानापूरकडच्या आमच्या गावात देवळापुढं पंगत बसली की हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली त्यांच्याच हातात. पहिल्या पानावर जेवढी पडेल तेवढीच शेवटच्या पानावर, मग समोर पंचायतीचा अध्यक्ष असो की स्वतःचा जावई. जावयाने एकदा "अजून थोडी" म्हटलं, तर "सगळ्यांचं होऊ दे आधी" म्हणून पुढं गेले. जावई म्हणजे माझाच नवरा. तो अजून ते चारचौघांत सांगतो.

अशा माणसाला रक्ताचा कॅन्सर झाला. रोजच्या गोळ्यांनी ताब्यात राहणारा प्रकार होता, तरी मी घाबरले होते. आप्पा मात्र बेळगावच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मैत्री करत होते. शेजारी बेळगावातल्याच शहापूरचे एक अण्णा, साड्यांचे माग चालवणारे. आजार तोच, डॉक्टरबाई त्याच, गोळ्याही त्याच, रोज चार. आप्पांना अगदी एका पंगतीला बसल्यासारखं वाटलं.

पुढं आप्पांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या. बाईंनी औषध थोडे दिवस थांबवलं आणि मग चाराच्या तीन केल्या. अण्णांच्या चारच राहिल्या. झालं! आप्पांचा पापड मोडला.

"मला तीनच? मी काय बिनबोलावता आलतो व्हय? पंगतीत दुजाभाव केला बाईनं."

"आप्पा, तुमच्या रक्ताला चार सोसत न्हाईत," मी म्हटलं.

"अण्णांना सोसतंय, मला न्हाय? मी काय नाजूक हाय?"

अण्णा भिडस्त. मित्राचं उतरलेलं तोंड त्यांना बघवेना. मग दोघांनी मिळून, कुणाला न सांगता, न्याय केला: अण्णांची अर्धी गोळी रोज आप्पांना. दोघांनाही साडेतीन, कुणी मोठा न्हाय, कुणी धाकटा न्हाय.

पुढच्या तपासणीत आप्पांच्या पेशी पार तळाला आणि अंगात ताप. त्यांना भरती करावं लागलं. तिकडं अण्णांचा खाली येत असलेला आजार पुन्हा वर सरकलेला. बाई दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघत राहिल्या. शेवटी अण्णांनीच मान खाली घालून सगळं सांगितलं.

बाई हुबळीकडच्या, मराठी मोजकंच बोलायच्या. "आजार एक आहे आप्पा, पण शरीर दोन आहेत. त्यांना पुरत नाही तेवढ्यात तुम्हाला जास्त होतं."

मी तेवढ्यावर थांबले नाही. दोघांना फडाफडा बोलले, आणि मग बाहेर जाऊन रडले. आप्पा त्या तापातून उठतील की नाही, हे तेव्हा बाईंनाही सांगता येत नव्हतं.

आप्पा उठले. तिनावर परत आले आणि हळूहळू त्यांचा आजार उतरायला लागला. अण्णांना पुन्हा पुऱ्या चार दिल्या, तरी त्यांचा हलेना, म्हणून गोळीच बदलली. गंमत अशी की आप्पांची गोळी भरल्या पोटी घ्यायची आणि अण्णांची नवी गोळी उपाशीपोटी. वर तासभर तोंडात काही घालायचं नाही.

परवा तपासणीच्या आदल्या दिवशी मी आणि आप्पा शहापुरात अण्णांकडे मुक्कामाला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या बायकोनं, आक्कांनी, आप्पांपुढं गरम उप्पीट ठेवलं. अण्णा नुकतीच गोळी घेऊन घड्याळाकडं बघत बसले होते. आप्पांनी ताटलीवर ताटली झाकली.

"खावा की आप्पा, निवतंय," अण्णा म्हणाले.

"निवू दे. माझी गोळी काय पळून जातीया? पंगत एकदम बसंल."

एरवी मी ओरडले असते. पण त्यांच्या गोळीला तासाभरानं काही बिघडत नव्हतं. तासभर दोघं मागाच्या खडखडाटात जोरजोरानं गप्पा मारत राहिले. मग आक्का दोघांना वाढायला आल्या आणि सवयीनं सारखंच वाढायला लागल्या, तर आप्पांनी आपल्या ताटलीवर हात आडवा धरला.

"आक्का, मला बास. अण्णांना अजून वाढा. त्यांना जास्त लागतंय."

मी नवऱ्याला तिथूनच फोन लावला.