आठ कोरवाला

जठारपेठेतला आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बोलण्याआधी टेबलावर दोन टिचक्या मारतो. "ताई, सर्व्हरचा प्रोसेसर हाये हा. जुना असला म्हून काय झालं? आठ कोर हायेत, आठ मेंदूच समजा. लॅपटॉपवाला दोन कोरचा, निस्ता वीज वाचवत बसते."

माझ्या फॉर्म भरायच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये हा जुना प्रोसेसर त्यानंच बसवला. डबा तापतो, पंखा गिरणीसारखा ओरडतो आणि लोडशेडिंग सुरू झालं की इन्व्हर्टर वीस मिनिटांत मान टाकतो. फॉर्म भरायला आठ कोर कशाला लागतात, हे मी त्याला किती वेळा विचारलं असेल! लॅपटॉप दे म्हटलं की हसतो. "दम पायजे ताई, दम."

पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी लाइन गेली. दारात रांग, आणि डबा बंद. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले. तो आला, थैलीतून स्वतःचा लॅपटॉप काढला, मोबाइलचं नेट जोडून माझ्यासमोर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो बिनआवाज चालला. शेवटचा फॉर्म गेला तेव्हाही बॅटरी शिल्लक होती.

"चालला, पन दम नाई याच्यात," लॅपटॉप थैलीत कोंबत तो म्हणाला.

चार वर्षं मला दम ऐकवणाऱ्या या माणसाच्या लॅपटॉपवर निम्म्या बटणांची अक्षरं वापरून वापरून पुसून गेली होती.